शोकेसमधली काच आणि अब्बांची कॉफी

दोन वर्षांपूर्वी भाईजान दम्मामहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत टॉवेलांच्या घड्यांत गुंडाळलेली एक काच होती. वरून नरसाळ्यासारखी रुंद, मध्ये निमुळती आणि खाली पुन्हा फुगीर. मधल्या निमुळत्या भागाला लाकडी पट्टा, त्यावर चामड्याची वादी आणि वादीला एक लाकडी मणी. "कॉफी करायची आहे ही," भाईजान म्हणाले. अम्मींनी ती दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरून पाहिली, माशाअल्लाह म्हटले आणि थेट शोकेसमध्ये ठेवून दिली. एका बाजूला उमराहून आलेला खजुरांचा डबा, दुसऱ्या बाजूला खालाजानने दिलेला चिनीमातीचा टी-सेट. आपल्या घरांतली शोकेस म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. तिथे गेलेली वस्तू पाहुण्यांना दिसते, घरच्यांच्या कामाला मात्र येत नाही. ही काचही दीड वर्ष तिथेच राहिली.

ती बाहेर कशी आली, ते सांगण्याआधी अब्बांविषयी थोडे सांगावे लागेल.

आमचे अब्बा सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये एकतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होते. मुलांच्या प्रात्यक्षिकांची मांडामांड, काचेची भांडी धुणे, रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर त्यांच्या दिवसात दोनच गोष्टी उरल्या, नमाज आणि चहा. आमच्या भागातला चहा म्हणजे जवळजवळ पाकच. दिवसाला पाच-सहा कप, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. रक्तातली साखर आधीपासून होतीच. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे छातीत दुखले, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. अल्लाहच्या कृपेने ते सुखरूप घरी आले. डॉक्टरांनी बजावून सांगितले, साखर बंद, तूप-मलई कमी, रोज चालायचे.

आम्ही दुसऱ्याच दिवसापासून घरातला चहा बिनसाखरेचा केला. अब्बा काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे त्यांना पटले, असे आम्ही धरून चाललो. तीन महिन्यांनी तपासणी केली तर साखर उतरायच्या ऐवजी चढलेली. कारण कळले ते कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून. त्याच्या वहीत अब्बांच्या नावावर सहाशे चाळीस रुपये उधारी होती. असरची नमाज झाली की अब्बा मशिदीतून टपरीवर जात आणि दोन कप गोड चहा पिऊन घरी येत.

त्या संध्याकाळी आम्ही अब्बांना जे बोललो, ते आज आठवले तरी मान खाली जाते. शाळेतल्या एखाद्या चुकार पोरालाही त्यांनी कधी तसे सुनावले नसेल. अब्बा उठून आतल्या खोलीत गेले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अम्मी आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांचा चहा काढून घेतलात. त्याच्या जागी काय दिलंत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. औषधे दिली होती, वेळापत्रक दिले होते, बोलणी दिली होती. ज्या गोष्टीची माणूस सकाळी उठून वाट पाहील, असे काही दिले नव्हते.

उत्तर आमच्या पुतणीकडून आले, तेही नकळत. ती आठवीत आहे. विज्ञानाच्या वहीत गाळणक्रियेची आकृती काढत बसली होती. काढता काढता तिची नजर शोकेसकडे गेली. "दादाजान, ते तुमच्या लॅबमधलं आहे का?" अब्बा उठले, शोकेसचे दार सरकवले आणि ती काच पहिल्यांदा हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "शंकूपात्रावर नरसाळं बसवून कुणीतरी एकच भांडं केलंय. हा माणूस रसायनवालाच असणार."

आम्ही शोध घेतला, तर अब्बांचा अंदाज अचूक निघाला. ही काच बनवली पीटर श्लुमबोम यांनी. जन्म १८९६, जर्मनीतल्या कील शहरातला. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस १९३० च्या दशकात न्यूयॉर्कला जाऊन राहिला. रोजच्या वापरातले नरसाळे, शंकूपात्र आणि गाळणकागद यांतूनच त्याला कॉफीचे भांडे सुचले. १९४१ साली त्याला पेटंट मिळाले आणि भांड्याचे नाव पडले केमेक्स. ना यंत्र, ना तार, ना बटण दाबायचे काम. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हे भांडे आपल्या संग्रहात ठेवले आहे. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडच्यांनीही शोकेसमध्येच ठेवलं. मग मी काय चूक केली?"

कागदाने कॉफी गाळायची युक्ती मात्र त्याच्याही आधीची, आणि ती एका गृहिणीची. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्स नावाची बाई कॉफीतल्या गाळाला आणि कडवटपणाला कंटाळली होती. १९०८ साली तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि वरून कॉफी ओतली. स्वयंपाकघरातल्या त्या प्रयोगातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

पहिले दोन प्रयोग फसले

अब्बांनी एक जुनी शंभर पानी वही काढली. तारीख टाकली आणि शाळेच्या पद्धतीने खाली लिहिले, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पहिल्या दिवशी घरात जी कॉफीची पूड होती तीच वापरली. ती होती चिकोरी मिसळलेली आणि पिठासारखी बारीक. दूध घालून करायच्या फिल्टर कॉफीला ती चालते, इथे तिने कागदच बुजवला. दहा मिनिटे झाली तरी पाणी वरच साचलेले. अम्मी म्हणाल्या, "माझ्या चहाला इतका वेळ लागला असता तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं." शेवटी जे खाली उतरले ते काढ्यापेक्षा कडू. अब्बांनी निरीक्षण लिहिले: "कण बारीक. छिद्रे बंद. गाळणक्रिया मंद."

दुसऱ्या दिवशी बिया आणून मिक्सरवर फिरवल्या. काही कण मोठे, काही अगदी पूड. कॉफी एकाच वेळी आंबटही लागली आणि कडूही. तेव्हा अब्बांनी मैद्याची बारीक चाळणी मागवली. वाटलेली कॉफी चाळून खाली पडलेली पूड बाजूला काढली आणि वर राहिलेले कण घेतले. त्या दिवशी पहिल्यांदा कप रिकामा झाला. अब्बा लगेच काही बोलले नाहीत, पण दुसरा कप मागितला. तोही बिनसाखरेचा.

त्यानंतर काही आठवड्यांत वहीत बरीच पाने भरली. त्यातून आम्हाला जे हाती लागले ते वाचकांसाठी इथे देत आहोत.

साहित्य

बिया अरेबिका जातीच्या घ्याव्यात, चिकोरी न मिसळलेल्या. चिकमगळूर, कोडगू किंवा आंध्रातल्या अरकू खोऱ्यातली कॉफी आता घरपोच मिळते. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी. भाजून महिना-दीड महिना होईपर्यंत चव चांगली राहते. भाजणी मध्यम किंवा त्याहून हलकी असावी. एका वेळी पाव किलोच आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. हा डबा मसाल्यांच्या फळीवर ठेवू नये, कॉफी शेजारच्या वस्तूचा वास लगेच धरते. झटपट विरघळणारी कॉफी इथे उपयोगाची नाही. तिचा अर्क कारखान्यात आधीच काढून वाळवलेला असतो, गाळायला काही उरलेले नसते.

दळण जाड्या रव्याइतके असावे. हाताने फिरवायची छोटी कॉफीची चक्की मिळाली तर उत्तम, कारण तिच्यात दाणे सारखे दळले जातात. नसेल तर मिक्सर थांबून थांबून फिरवावा आणि वर सांगितल्याप्रमाणे चाळून घ्यावे. चाळलेली पूड फेकू नये, दुधाच्या कॉफीत वापरावी.

वजनकाटा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल चालतो. कॉफीच्या बाबतीत चमच्याचा भरवसा नाही. हलक्या भाजणीचा दाणा जड असतो, गडद भाजणीचा हलका. तोच चमचा आज वेगळे वजन देतो, उद्या वेगळे.

पाणी ओतायला बारीक तोटीची किटली लागते. आमच्याकडे ती नव्हती. तोटीचा लोटा वापरू म्हटल्यावर अम्मींनी डोळे वटारले, "वजूच्या लोट्याने कॉफी?" मग स्टीलच्या भांड्यांच्या दुकानातून बारीक तोटीची छोटी किटली नवीन आणली. एक लक्षात ठेवावे. उकळते पाणी थंड किटलीत ओतले की त्याची उष्णता कमी होते, म्हणून किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्यावी.

कृती

दोन मोठ्या कपांसाठी ३० ग्रॅम कॉफी आणि ५०० ग्रॅम पाणी घ्यावे. म्हणजे एकाला साधारण सतरा हे प्रमाण. चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हाती सव्वाचारशे-साडेचारशे मिलीलीटर कॉफी येते.

पाणी उकळून गॅस बंद करावा आणि अर्धा मिनिट थांबावे. ९२ ते ९६ अंशांच्या दरम्यानचे पाणी हवे.

या काचेचा चौकोनी किंवा गोल कागद घडी केलेला येतो. तो उघडला की शंकू होतो, एका बाजूला तीन पदर आणि दुसऱ्या बाजूला एक. तीन पदरांची बाजू काचेच्या चोचीकडे ठेवावी. चोचीखाली जी खाच असते तिच्यातून आतली हवा बाहेर जाते. एकपदरी कागद ओला होऊन त्या खाचेत बसला तर हवा अडते आणि गाळणे थांबते. हे अब्बांना कुणी सांगावे लागले नाही. एकतीस वर्षे त्यांनी मुलांना गाळणकागदाची घडी अशीच घालून दिली होती.

कागदावर आधी नुसते गरम पाणी फिरवावे. त्याने कागदाचा वास जातो आणि काचही तापते. हे पाणी आठवणीने ओतून टाकावे. आम्ही एकदा विसरलो आणि अब्बांच्या वहीत त्या दिवशीचा शेरा आहे, "पाणीदार. हलगर्जीपणा."

आता कॉफी कागदात घालून सपाट करावी. काच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. घड्याळ लावून ६० ग्रॅम पाणी घालावे, सगळी कॉफी भिजेल असे. ताजी कॉफी फुगून वर येते, बुडबुडे सुटतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो तो हाच. चाळीस सेकंद थांबावे. काहीच फुगले नाही तर कॉफी शिळी आहे असे समजावे.

मग मधून सुरुवात करून सावकाश गोल फिरवत पाणी ओतावे. दीड-पावणेदोन मिनिटांपर्यंत २५० ग्रॅम, तीन मिनिटांपर्यंत ५००. धार कागदाच्या कडेवर सोडू नये, ते पाणी कॉफीला न भेटताच खाली जाते. साडेचार ते पाच मिनिटांत सगळे गाळून व्हावे. कागद उचलून घ्यावा, काच हलकेच गोल फिरवावी आणि कपात ओतावे. चोथा गुलाबाच्या कुंडीतल्या मातीत मिसळावा.

निरीक्षण

पाणी कॉफीतून आधी आंबटपणा काढते, मग गोडसर चव आणि शेवटी कडवटपणा. त्यामुळे चव हीच खूण. कॉफी आंबट आणि पातळ लागली तर पाणी लवकर निघून गेले, पुढच्या वेळी दळण थोडे बारीक करावे. कडू आणि तुरट लागली तर पाणी जास्त वेळ राहिले, दळण थोडे जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण, प्रमाण आणि पाणी एकदम बदलले तर कशाने काय झाले ते कळत नाही. अब्बा हे वाक्य शाळेतल्या आवाजात म्हणतात आणि पुतणी मान डोलावते.

काचेविषयी दोन शब्द. ही काच उष्णता सोसणारी असते, पण तापलेली काच ओल्या, गार ओट्यावर टेकवू नये. खाली सुती फडके किंवा लाकडी पाट ठेवावा. धुताना लाकडी पट्टा आणि चामड्याची वादी काढून ठेवावी. आत बाटलीचा लांब ब्रश फिरवावा. डाग पडले तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून तासभर ठेवावे. आणि घरात कुणी प्रयोगशाळेत काम करत असेल तरी तिथले वापरलेले नरसाळे किंवा भांडे घरी आणून त्यात काही खाऊ-पिऊ नये. अब्बा याबाबत फार कडक आहेत.

डॉक्टरांशी बोलून घ्या

अब्बांच्या कॉफीला आम्ही डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली. त्यांनी दिवसाला एक-दोन कप, बिनसाखरेचे, आणि संध्याकाळनंतर नाही, असे सांगितले. ही परवानगी अब्बांच्या प्रकृतीपुरती आहे. आपल्या घरातल्या माणसासाठी आपल्याच डॉक्टरांना विचारावे.

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती सगळ्यांच्या कामाची आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे दोन घटक असतात. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. पूड उकळून न गाळता प्यायलेल्या कॉफीत ते भरपूर उतरतात. कागदातून गाळले की त्यांचा बहुतेक भाग कागदातच अडकतो. हृदयविकार असलेल्या घरात ही गोष्ट लहान नाही.

कॅफीन मात्र कागदाने अडत नाही. ते शरीरातून निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून असरनंतरची कॉफी इशानंतर झोप येऊ देत नाही. गरोदर भगिनींनी दिवसभरात चहा-कॉफी मिळून २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफीन ठेवावे, असा सल्ला दिला जातो. रक्त कमी असलेल्यांनी जेवणाबरोबर चहा किंवा कॉफी घेऊ नये, अन्नातले लोह अंगी लागत नाही. आणि रोज कॉफी पिणाऱ्यांनी रमजानच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून ती हळूहळू कमी करावी. पहिल्या रोज्यांना दुपारी डोके ठणकते, त्याचे कारण अनेकदा भूक नसते, तुटलेली सवय असते.

मशिदीतल्या मित्रांचा प्रश्न

अब्बांच्या दोन-तीन मित्रांनी फजरनंतर ही कॉफी चाखली. त्यातले एक चाचा तोंड वाकडे करून म्हणाले, "ही कसली अंग्रेजी चाल, भाई?" आम्हाला तिथे बोलावेसे वाटले. काच परदेशी असेल, पण पेय आपल्या पूर्वजांना जुने ओळखीचे आहे. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियातले. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून कहवा घेत. तिथल्या मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली. तिच्यावरून वादही झाले. १५११ साली मक्केतले अधिकारी खैर बेग यांनी उलेमांची सभा भरवून कॉफीवर बंदी घातली, पण कैरोहून ती बंदी सैल करण्यात आली आणि लोक पुन्हा कॉफी पिऊ लागले.

आपल्या देशात कॉफी आली तीही एका हाजींच्या हातून, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना येमेनमधून कॉफीचे सात दाणे लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी ते लावले. तो डोंगर आजही बाबाबुडनगिरी म्हणूनच ओळखला जातो. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत. चाचांनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग एक चमचा साखर टाकायला काय हरकत होती त्या बाबांना?" सगळे हसले. अब्बाही हसले. किती महिन्यांनी, ते आम्ही मोजले नाही.

हा इसराफ आहे का?

हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला, कारण वाचकही विचारतील. खाण्यापिण्यात इसराफ नको ही आपली शिकवण, आणि या छंदाला पैसा लागतो. आमचा हिशेब असा. पाव किलो बियांना आम्ही पाचशे रुपयांच्या आसपास देतो, त्यात सोळा कप होतात. म्हणजे एका कपाला तीस-एकतीस रुपये, कागदाचे वेगळे. टपरीवरचा चहा दहा रुपयांत होतो. म्हणून आमच्याकडे ही कॉफी दिवसातून एकदाच होते, सकाळी, अब्बा आणि अम्मींच्या दोन कपांपुरती. पाहुण्यांना चहाच. पाहुण्यांसमोर काच मांडून कॉफीच्या गप्पा मारायच्या हे आम्ही जाणून टाळले, कारण मग ती शोकेसमध्ये होती तेच बरे होते.

ज्यांच्याकडे ही काच नाही त्यांनी ती घ्यावी, असे आम्ही सुचवणार नाही. चिनीमातीचा किंवा चांगल्या प्लॅस्टिकचा साधा शंकू कितीतरी स्वस्तात मिळतो, तो कपावर ठेवून हीच कृती करता येते. कागदही स्वस्त पडतो. त्याचा कागद या काचेच्या कागदापेक्षा पातळ असतो, म्हणून दळण थोडे बारीक ठेवावे आणि वेळ तीन-साडेतीन मिनिटांची धरावी.

अनुमान

पुढच्या तपासणीत अब्बांची साखर उतरली. कॉफीने उतरवली असे आम्ही म्हणणार नाही. औषधे वेळेवर गेली, चालणे सुरू झाले आणि रोजची साखर पोटात जायची थांबली. टपरीची उधारी अब्बांनी स्वतः जाऊन चुकती केली. टपरी पूर्ण सुटली आहे असेही नाही. जुम्याची नमाज झाली की मित्रांबरोबर अर्धा कप होतो. ते आम्हाला माहीत आहे, आणि आम्हाला माहीत आहे हे अब्बांनाही माहीत आहे. त्यावर घरात कुणी बोलत नाही.

अम्मींच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला उशिरा कळले. वयस्कर माणसाकडून आपण एकेक गोष्ट काढून घेत जातो. आधी नोकरी जाते, मग सायकल, मग गोड, मग मीठ. त्याच्या भल्यासाठीच काढतो, यात शंका नाही. पण त्याच्या हाताला काम आणि जिभेला काही चव द्यायची राहून जाते. आमच्या घरात ते काम एका काचेने केले, कारण अब्बांचे हात काचेचे जाणकार होते. दुसऱ्या घरात ती कुंड्यांतली बाग असेल, मुलांची शिकवणी असेल, शिवणयंत्र असेल. आपल्या अब्बांचे, नानांचे, दादीचे हात कशाचे जाणकार आहेत, हे एकदा पाहावे आणि ती वस्तू शोकेसमध्ये असेल तर बाहेर काढावी.

आता फजरनंतर अब्बा स्वतः पाणी ठेवतात. रविवारी पुतणी कागदाची घडी घालते आणि घड्याळ लावते. गेल्या रविवारी वहीत पहिल्यांदा तिच्या अक्षरात नोंद झाली. साहित्य, कृती, निरीक्षण सगळे नीट लिहिले होते. अनुमानापाशी तिने लिहिले, "कॉफी कडू होती. दादाजाननी सगळी प्यायली." अब्बांनी खाली लाल पेनने सही केली आणि दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण का कापला, असे तिने विचारले. तर म्हणाले, "पाण्याचं तापमान लिहिलं नाहीस."